साठ ईदांचा रंग

पहिले सर साडेनऊला आले आणि दहाला गेले. दुसरे अकराला आले ते सव्वाअकराच्या आत बाहेर. गझालानं पाहुण्यांच्या अंदाजानं परातभर आलूपोहे करून ठेवले होते, ते निम्म्याहून जास्त तसेच होते, आणि तिच्या लेकीचा, फिजाचा फॉर्म शिवणयंत्रावर कोराच पडला होता.

कोरा म्हणजे अगदीच कोरा नाही. नाव, पत्ता, वय लिहून झालं होतं. वयावरून सकाळी सकाळी एक चकमकही झडली होती. फिजाची दादी अमिनाबी म्हणाली सोळा लिही, फिजानं लिहिलं पंधरा. फिजा ईदेच्या दिवशी जन्मलेली, आणि दादी तिचं वय ईदेवर मोजायची. दादीचं म्हणणं, जन्माची ईद सोडून पोरीच्या सोळा ईद झाल्या, मी स्वतः शिरखुर्मा केला, मला सांगता? फिजा म्हणाली, ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते दादी, म्हणून तुमचं वर्ष लहान पडतं, सरकारी कागदावर ते चालत नाही. चालत नसेल तर सरकारचं चुकतं, असं म्हणून दादीनं तो विषय संपवला होता.

राहिल्या होत्या दोन सह्या. त्या दोन सह्यांसाठी घर आठ दिवस घायकुतीला आलं होतं.

नागपूरच्या एका संस्थेनं अकरावी-बारावीच्या मुलांसाठी इतिहासाचा वरच्या दर्जाचा अभ्यासक्रम काढला होता. सनावळ्या घोकायचा नव्हे. जुनी पत्रं, दस्त, दगडांवरचे लेख वाचायचे आणि दोन वर्षांत आपण स्वतः काहीतरी शोधून काढायचं. सगळ्या विदर्भातून चाळीस मुलं घेतली, त्यात आर्णीची एकटी फिजा. अट इतकीच की इतिहासात एम.ए. झालेलं जवळपासचं कोणीतरी आठवड्यातून दोनदा शिकवायला हवं. त्याची एक सही, घरातल्या वडीलधाऱ्याची एक सही, आणि फॉर्म सोमवारी सकाळी दहाच्या आत नागपूरला पोचता व्हायला हवा. नाहीतर जागा दुसऱ्याला.

आर्णीत शिकवण्यांना काय तोटा. डॉक्टर व्हायची आहे, इंजिनिअर व्हायची आहे, पोलीसभरतीची तर तीन ठिकाणी आहे. पण इतिहासाची शिकवणी म्हटलं की लोक गझालाला दबक्या आवाजात विचारत, नापास झाली का वो पोरगी?

आणि घरातले वडीलधारे म्हणजे वाहिद मिस्त्री. फिजाचे दादा, म्हणजे आजोबा, आणि गझालाचे सासरे. माहूर रोडवर त्यांचं गॅरेज, मागं घर. बासष्टीचा माणूस, पण अजून ट्रॅक्टरच्या खाली झोपला की दोन तास बाहेर येत नाही. गाडी आणून लोक विचारतात, मिस्त्री, काय झालं असंल? दुसरे मिस्त्री आवाज ऐकून चार रोग सांगतात. वाहिद मिस्त्रींचं ठरलेलं वाक्य एकच, 'खोलल्याशिवाय सांगत नाही.' पन्नास वर्षांत त्यांनी हे वाक्य मोडलेलं नाही, आणि परीक्षा घेतल्याशिवाय एकही माणूस कामावर ठेवलेला नाही. तेव्हा नातीचा मास्तर तरी बिनपरीक्षेचा कसा ठेवतील? रविवार संध्याकाळपर्यंत पटेल असा मास्तर आणा, मी सही करतो, नाहीतर पोरगी मुकाट्यानं लोहाऱ्याला मामाकडे राहून कॉम्प्युटर शिकेल, असं त्यांनी जाहीर केलं. फिजाचा बाप अब्रार तसा चांगला गडी, पण वडिलांपुढं त्याची जीभ टाळूला चिकटते. तो हो म्हणाला.

परीक्षेत प्रश्न काय येणार हे गझालाला आठ दिवस आधीच ठाऊक होतं. गावालाच ठाऊक होतं म्हणा ना. गॅरेजच्या अंगणात टिनाच्या छपराखाली एक जुनं ऑईल इंजिन होतं. वीज यायच्या आधी लेथ मशीन त्याच्यावर चालायचं. आता ते चालत नाही, नुसतं चौथऱ्यावर बसलेलं असतं. त्याला या घरात मान मोठा. दर रमजान ईदेच्या आदल्या दिवशी त्याला रंगाचा एक हात मिळतो. घरातल्यांच्या कपड्यांआधी इंजिनाचा कपडा. रंग कोणता, तर त्या साली गॅरेजात जो उरला असेल तो. इंजिन घरात आलं त्यानंतरच्या पहिल्या ईदेपासूनचा हा रिवाज.

आणि प्रश्न असा, की हे इंजिन आर्णीत कोणी आणलं, कधी आणलं?

वाहिद मिस्त्री सांगायचे, माझ्या अब्बांनी, चांदभाई मिस्त्रींनी, माझ्या जन्माच्या साली, त्रेसष्टमध्ये. चांदभाई सहासष्टच्या पावसाळ्यात वारले तेव्हा वाहिद तीन वर्षांचे होते. बापाची त्यांना एकच आठवण. दोन हातांनी उचलून कोणी त्यांना चालू इंजिनावर बसवलं, बुडाखाली चटके बसत होते, सगळं अंग थरथरत होतं, आणि वरून आवाज आला, बस बेटा, काही होत नाही. ही गोष्ट गझालानं लग्न होऊन आल्यापासून शेकडो वेळा ऐकली होती आणि प्रत्येक वेळी सांगताना सासऱ्यांचा आवाज जरा ओला व्हायचा. म्हणून ती कधी कंटाळली नाही.

पण गावात दुसरी गोष्टही होती. वाहिद मिस्त्रींपेक्षा सतरा वर्षांनी मोठे भाऊ उस्मान मिस्त्री, त्यांनीच बापामागं या धाकट्याला वाढवलं, हातात पाना दिला. ते वारल्यावर त्यांचा मुलगा अफरोज यानं शेजारी डेंटिंग-पेंटिंगचं दुकान टाकलं आणि पाटीवर लिहिलं: 'उस्मान मिस्त्री, आर्णीचे पहिले इंजिनवाले'. झालं. काका-पुतण्याचं बोलणं बंद. तेरा वर्षं दोन दुकानांमध्ये कमरेएवढी भिंत होती. तिच्यावरून बिर्याणीची ताटं बायका इकडून तिकडे देत, पण त्या दोघांनी ती एकदाही ओलांडली नाही.

आता गझालाचा गुन्हा. तिनं शनिवारी दुपारी तिन्ही मास्तरांना फोन केले. म्हणाली, आमचे अब्बाजी एक प्रश्न विचारतील, त्याचं उत्तर त्रेसष्ट साल, चांदभाई मिस्त्री. तेवढं लक्षात ठेवा, बाकी अल्ला मालिक. यात फसवाफसवी आहे असं तिला वाटलंच नाही. लेकीची बस सुटत असताना कोण आई ड्रायव्हरला हात करणार नाही?

रविवारी मारोतराव सर आले. निवृत्त, वजनदार, पांढरा सदरा. वाहिद मिस्त्रींनी प्रश्न अर्धा विचारला तोवर सरांनी उत्तर देऊन टाकलं. वर म्हणाले की आर्णीच्या प्रगतीची पहाट त्याच दिवशी झाली. वाहिद मिस्त्रींनी मान डोलावली, चहा पाजला आणि कळवतो म्हणाले. मग पोलीसभरतीच्या शिकवणीचे बादल सर आले. त्यांनीही प्रश्न पुरा होऊ दिला नाही, आणि बोलले ते त्याच क्रमानं, आधी साल मग नाव. या वेळी वाहिद मिस्त्रींनी चहा विचारला नाही. ते त्यांच्या खुर्चीवर मागं रेलले. ही खुर्ची म्हणजे जुन्या ट्रॅक्टरची सीट, खाली चार पाय वेल्ड केलेले. दोन वेगवेगळ्या गाड्यांचा आवाज हुबेहूब सारखा येत असेल तर दोन्हीत हात एकाच माणसानं घातला आहे, असं ते अब्रारला म्हणाले. गझाला पडद्याआड उभी होती.

तिसरी उरली संगीता पूनमसिंग. सात किलोमीटरवरच्या बंजारा तांड्यातली, सव्वीस-सत्तावीसची, दिग्रसच्या कॉलेजात तासांवर शिकवणारी. तिला फिजानं शोधलं होतं, तालुक्याच्या वाचनालयात, आणि पहिल्यापासून फिजाचा जीव हिच्यावरच होता. गझालानंच तिला शेवटी ठेवलं होतं. कालची पोर, अब्बाजींपुढं काय टिकणार, असं तिला वाटलं होतं. शिवाय काल फोनवर उत्तर सांगितलं तर संगीता नुसती म्हणाली होती, बरं, ऐकलं मी.

ती अर्धा तास उशिरा आली. शेतात डवरणी, म्हणजे पिकातली कोळपणी चालू होती आणि तिची याडी, म्हणजे आई सुखीबाई, तिला सोडत नव्हती, असं तिनंच सांगितलं. स्कूटी लावून तिनं आधी नळावर चिखलाचे पाय धुतले, मग अंगणात आली. पोह्यांची बशी पुढं केली तर नको-नको न करता सगळी खाल्ली. अमिनाबीनं तिथंच तिला पास केलं.

वाहिद मिस्त्रींनी प्रश्न विचारला. सावकाश, पूर्ण. संगीतानंही तो पूर्ण ऐकून घेतला.

"चाचाजी, उत्तर मले काल फोनवर सांगतलं," ती म्हणाली. "पण मले माहीत नाही."

गझालाला वाटलं, आत्ता जमीन फाटली तर बरं. वाहिद मिस्त्रींनी पडद्याकडे न बघताच विचारलं की मारोतरावांना आणि बादल सरांनाही फोन गेले होते का. गेले होते, असं गझाला पडद्याआडून म्हणाली. त्यावर अमिनाबी मध्येच बोलली, मीच तिला करायला लावले. हे साफ खोटं होतं. सासूला त्यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण सासू आपली आहे हे गझालाला त्या घटकेला जितकं कळलं तितकं कधी कळलं नव्हतं.

वाहिद मिस्त्रींचा राग सुनेवर निघाला नाही, तो फिरला संगीतावर. एवढं एम.ए. केलं, कॉलेजात शिकवता, आणि सात किलोमीटरवरच्या गावातली एक गोष्ट माहीत नाही म्हणता? मग पोरीला काय शिकवणार, माहीत नाही म्हणायला? अब्रार, बाईंना गेटापर्यंत सोडून ये.

फिजा तोवर दारात उभी होती. ती पुढं आली आणि दादांच्या खुर्चीजवळ खाली बसली.

"दादा, तुम्ही तरी खोलल्याशिवाय सांगता का?"

पन्नास वर्षांचं वाक्य असं स्वतःच्याच अंगणात समोर येऊन बसलं की माणूस काय करील? वाहिद मिस्त्रींनी दाढी खाजवली. अब्रारनं हसू लपवायला नाक पुसलं. मग ते संगीताला म्हणाले, बरं, खोलून दाखवा.

संगीतानं आधी कागद विचारले. नव्हते. इंजिनावरची पितळी पट्टी विचारली, ती कधीच निखळून गेली होती. मग ती इंजिनाभोवती फिरली, वाकली, आणि मोठ्या चाकाच्या कडेला एका जागी बोट टेकवून थांबली. तिथं रंगाचा टवका उडाला होता आणि कडेला बारीक बारीक रेघा दिसत होत्या. हिरवी, निळी, लाल. हे काय म्हणून तिनं विचारलं, आणि सगळे एकदम सांगू लागले. दर ईदेला एक हात. पहिल्या ईदेपासून. तिनं फक्त एकच गोष्ट पुन्हा विचारली, एखादी ईद चुकली का? वाहिद मिस्त्री छाती पुढं काढून म्हणाले, एकही नाही. बडेभाई गेले त्या साली डोळे पुसत लावला, पण लावला.

"मंग हे थर मोजता येतील," संगीता म्हणाली.

मोजता येतील खरं, पण कसे? छिन्नी लावली तर सगळेच तुकडे उडतील. गाडीच्या रंगाचे थर न तुटू देता पाणी घालून घासायचे, तिरपे, म्हणजे एकाखालून एक उलगडत येतात. ही कला आर्णीत एकालाच नीट येत होती आणि तो भिंतीपलीकडे एका जीपच्या दाराला पुट्टी लावत होता. त्याचं नाव कोणी घेईना. शेवटी फिजा भिंतीशी गेली आणि हाक मारली, अफरोजचाचू, जरा वॉटर पेपर घेऊन येता का.

अफरोज भिंतीशी आला. त्यानं काकांकडे पाहिलं. वाहिद मिस्त्री इंजिनाकडे बघत होते. नको असं मात्र म्हणाले नाहीत. मग पन्नाशीचा तो जाडजूड माणूस बादली, फडकं आणि कागद घेऊन भिंतीवरून इकडे उतरला. उतरताना त्याची चप्पल पलीकडे पडली, ती त्यानं तशीच पडू दिली.

त्यानं तळहाताएवढी जागा घासायला घेतली. हात असा गोल फिरत होता की बघत राहावं. पाच मिनिटांत हिरव्यातून रिंगण उमटलं, त्याच्या आत दुसरं, तिसरं, कापलेल्या कांद्यासारखं. फिजा सुईचं टोक टेकवून मोजायला बसली, आणि घरातली माणसं त्या रिंगणांवर तुटून पडली. सहावं पांढरं निघालं. हे लॉकडाऊनचं, अब्रार म्हणाला, बाजार बंद होता, भिंतीचा उरलेला रंग लावला होता. सतरावं रुपेरी होतं. हे फिजाच्या जन्माचं, असं दादी म्हणाली आणि उगाच त्या रिंगणावरून बोट फिरवलं. मग बरंच आत एक पिवळं आलं, आणि अफरोजचा हात थांबला. हे माझं, तो म्हणाला. काळीपिवळी जीप रंगवून उरला होता. अब्बांनी मले पहिल्यांदा ब्रश दिला होता.

"अर्धा रंग सदऱ्यालेच लावला होता तू," वाहिद मिस्त्री म्हणाले.

तेरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य ते. गझालानं सासूकडे पाहिलं, सासूनं तिच्याकडे, आणि दोघी लगबगीनं चहा ठेवायला म्हणून आत गेल्या. चहा ठेवून धावतच बाहेर आल्या.

सगळ्यात आत कंपनीचा मूळ तपकिरी रंग लागला. त्याच्यावरचे घरचे थर फिजानं दोनदा मोजले, संगीतानं एकदा. साठ.

अब्रारनं बोटांवर गणित केलं. यंदाची ईद पंचवीस सालची, ती साठावी. म्हणजे पहिली सहासष्टची. त्रेसष्ट नाही, सहासष्ट. तो भीत भीतच बोलला, पण वाहिद मिस्त्री खुर्चीवरून उठलेच. सहासष्टच्या ईदेला अब्बा होते! पावसाळ्यात गेले ते. साल तीन वर्षांनी चुकलं असेल, माणूस नाही चुकला. त्यांचा चेहरा असा उजळला की गझालाचाही जीव भांड्यात पडला. त्यांनी संगीताला बाई म्हटलं, या वेळी आदरानं. फॉर्म मागवला. खिशातलं पेन काढून टोपण उघडलं. अफरोज फडकं पिळत होता. त्यानं बादली उचलली आणि भिंतीकडे निघाला.

संगीता मात्र फॉर्मकडे बघत नव्हती. ती फिजाकडे बघत होती, आणि म्हणून गझालानंही पाहिलं. पोरगी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत होती, तसबीहचे मणी मोजतात तसा. तिच्या कपाळावर आठी होती. गझाला त्या आठीला चांगली ओळखून होती. चौथीत असताना मास्तरांचं फळ्यावरचं गणित चुकलंय हे सांगण्याआधी हीच आठी पडली होती. नको, बाई. आत्ता नको. गझालानं डोळ्यांनी खुणावलं, ओठांवर बोट ठेवलं, शेवटी नुसतीच मान हलवत राहिली. पेन कागदापासून वीतभर अंतरावर होतं.

फिजानं आईकडे पाहिलं. खूण तिला कळली. मग तिनं दादांकडे पाहिलं.

"दादा, सही थांबवा. हे साठ ईद आहेत. साठ वर्षं नाहीत."

कोणालाच समजलं नाही. फिजा म्हणाली, सकाळी दादी मला सोळाची म्हणत होती आणि फॉर्मवर पंधरा आलं, तसंच हे. ईद आधी आधी सरकते, म्हणून तेहतीस-एक वर्षांत एक ईद जास्तीची येते. एकाच सालात दोन ईद पडतात. दोन हजार साली पडल्या होत्या, जानेवारीत एक, डिसेंबरात एक. त्याच्या आधी अडुसष्टमध्ये.

अब्रारनं तोंड उघडलं आणि स्वतःलाही न कळता लेकीची साक्ष देऊन बसला. हाव, त्या वर्षी मले दोन ड्रेस झाले होते. मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं.

"म्हणून साठातून दोन वर्षं कमी करावी लागतात," फिजा म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता. "पहिला हात अडुसष्टच्या अगदी सुरुवातीचा, जानेवारीतला. म्हणजे इंजिन सदुसष्टमध्ये आलं, दादा."

सदुसष्ट. चांदभाई जाऊन वर्ष झालेलं.

अब्रारला राहवलं नाही. बापाची बाजू सावरायला तो म्हणाला, अब्बा, एखाद-दोन सालं रंग राहिला असंल. आठवून पाहा. दोन सालं चुकली असतील तर सहासष्टच येते. आणि खरंच, तेवढंच म्हणायचं होतं. साठ वर्षांचा मामला, कोण पडताळायला येणार होतं? वाहिद मिस्त्री पेन हातात धरून बराच वेळ त्या रंगीत रिंगणांकडे बघत उभे राहिले.

"नाही," ते म्हणाले. "एकही नाही चुकली."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. गझालाला लोहाऱ्याला निघालेली फिजाची बॅग, मामाच्या घरची खाट, सगळं डोळ्यांपुढं दिसलं. वाहिद मिस्त्री इंजिनाशी गेले, त्याच्या माथ्यावर तळहात ठेवला.

"मंग मले उचलून इथं बसवलं ते कोणी?"

हे त्यांनी कोणालाच विचारलं नव्हतं. पण भिंतीजवळ बादली धरून उभ्या असलेल्या अफरोजनं ती खाली ठेवली.

"आमच्या अब्बांनी, चाचा. मले सांगत ते. इंजिन पहिल्यांदा चालू केलं, अन् वाहिदले वर बसवलं. चार वर्षांचा होता, पण रडला नाही, म्हणत." त्यानं ओले हात फडक्याला पुसले. "मी विचारलं होतं, मंग तुम्ही चाचाले खरं काहून नाही सांगत. तर म्हणे, त्याच्यापाशी बापाची तेवढीच एक आठवण आहे. राहू दे."

वाहिद मिस्त्री खुर्चीवर बसले. ते रडले, अगदी उघड, तेलकट बाहीला डोळे पुसत. बडेभाईंनी आयुष्यभर आपल्याला ते सांगू दिलं, दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, त्यांच्याच तोंडावर, आणि एकदाही म्हणाले नाहीत की अरे वेड्या, तो मी. आणि आपण त्यांच्या पोराच्या पाटीवरून तेरा वर्षं भिंत धरून बसलो. हे ते मोठ्यानं बोलले की गझालाच त्यांच्या मनातलं ऐकत होती, तिला नंतर सांगता आलं नसतं. बापाची आठवण गेली म्हणून त्यांना वाईट वाटत होतं, आणि ती गेलेली नाही, फक्त दुसऱ्या माणसाकडून आलेली आहे, म्हणून बरंही वाटत होतं.

अमिनाबीनं चहाचा कप त्यांच्या हातात दिला. म्हणाली, मले मालूम होतं. लग्न होऊन आली त्याच साली सासूबाईनं सांगतलं होतं. मग सांगितलं का नाही म्हणून चौघांनी एकदम विचारलं, तर म्हणे, मले विचारलं कोणी? मास्तरं बोलावली तुम्ही.

आधी अफरोज हसला, मग अब्रार, मग ओल्या डोळ्यांनी वाहिद मिस्त्रीही. गझालानं पोह्यांची परात गरम करून बाहेर आणली, आणि अफरोजनं दोन बश्या खाल्ल्या.

खाणं झाल्यावर वाहिद मिस्त्रींनी संगीताला विचारलं, साठ ईद म्हणजे साठ वर्षं नव्हेत, हे तुम्हाला दिसलं नव्हतं का? दिसलं होतं, ती म्हणाली. मग बोलला का नाहीत?

"फिजाले दिसते का, ते पाहून राह्यली होती. अन् दिसलं तर ती बोलते का, ते बी."

वाहिद मिस्त्रींनी पुन्हा पेन काढलं. सही करताना ते नेहमीच जीभ दातात धरतात, तशी धरली आणि फॉर्म संगीतापुढं सरकवला. मंगळवार आणि शनिवार ठरला. उशीर झाला तरी चालेल, डवरणी आधी, असंही ते म्हणाले. परीक्षा घेतलेल्या माणसाला त्यांनी अशी सूट पहिल्यांदाच दिली. फॉर्मचा फोटो संध्याकाळी नागपूरला गेला. गझालानं सुनेच्या नात्यानं फोनांबद्दल माफी मागायला सुरुवात केली, तर ते म्हणाले, राहू दे, फक्त पुढच्या वेळी उत्तर तरी बरोबर सांगत जा.

घासलेली जागा पुन्हा रंगवायला अब्रार डबा घेऊन निघाला होता. तेवढी तशीच राहू दे, असं त्याला सांगण्यात आलं, आणि पुढच्या ईदेचा रंग भिंतीपलीकडून येईल, असंही.

सोमवारी दहाच्या सुमारास गझाला मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. गॅरेजात बोरी अरबचे एक जुने गिऱ्हाईक ट्रॅक्टर घेऊन आले होते, डोंगरसिंग म्हणून. त्यांनी इंजिनावरचं रंगीत रिंगण पाहिलं आणि हे काय झालं म्हणून विचारलं. गझालाचा हात दोरीवरच थांबला.

"बडेभाईनं आणलं हे इंजिन," वाहिद मिस्त्री सांगत होते. "सदुसष्ट साली. मले उचलून वर बसवलं, चटके बसत होते, तर म्हणे, बस बेटा, काही होत नाही." आवाज जिथं ओला व्हायचा तिथंच झाला.

डोंगरसिंग म्हणाले, पण मिस्त्री, मागच्या वेळी तर तुम्ही त्रेसष्ट सांगितलं होतं, अब्बांचं नाव घेतलं होतं.

"मागच्या वेळी खोललं नव्हतं," वाहिद मिस्त्री म्हणाले, आणि ट्रॅक्टरच्या खाली शिरले.